अस्सल, नक्कल आणि रबराचे वय

पुण्याच्या नाना पेठेत दुचाकीच्या सुट्या भागांची जी बाजारपेठ आहे, तिची स्वतःची एक भाषा आहे. गिऱ्हाईक नुसते 'क्लच प्लेट' म्हणते. काउंटरवरचा माणूस लगेच विचारतो, 'गाडी कोणती, साल कोणते, आणि कंपनीचा पाहिजे की साधा चालेल?' या शेवटच्या 'चालेल' शब्दावर अर्धी पेठ उभी आहे. आरशाच्या काचेला, सीटच्या कव्हरला, पायाखालच्या रबराला 'चालेल' पुष्कळ चालते. ब्रेकला मात्र ते किती चालवावे, याचा हिशेब कोणत्याही वहीत मांडलेला नसतो. तो ज्याचा त्याने मनात मांडायचा असतो.

या पेठेत एका ओसवाल जैन कुटुंबाची पेढी आहे. लुना आणि चेतक या दोन्ही गाड्या 1972 साली बाजारात आल्या, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत आजोबांनी हे दुकान मांडले. त्या काळी ब्रेक म्हणजे ड्रम. आत दोन लायनर, एक स्प्रिंग, बाहेर एक तार. जुना लायनर हातात धरून नव्याशी ताडून पाहिला की काम झाले. आजोबांचे सारे ज्ञान डोळ्यांत आणि बोटांत होते. पुढे दुकान मुलाकडे आले आणि मोटारसायकलींच्या पुढच्या चाकांवर पोलादी चकत्या दिसू लागल्या. हिरो होंडाची सीबीझेड 1999 साली आली, पल्सर 2001 साली. तरुणांना डिस्क ब्रेकची ओढ लागली. 2019 च्या एप्रिलपासून तर 125 सीसीवरील सर्व नव्या दुचाकींना एबीएस बंधनकारक झाले आणि डिस्क ब्रेक ही चैनीची वस्तू उरली नाही. डिस्कचे भाग मात्र नुसत्या डोळ्यांनी ताडता येत नाहीत, ही गोष्ट पेठेला हळूहळू उमगली. काहींना अजून उमगायची आहे.

डिस्क ब्रेकचे तत्त्व सतराव्या शतकातील फ्रेंच विद्वान ब्लेझ पास्कल यांनी मांडलेल्या नियमावर उभे आहे: बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो. समजा, हँडलवरील मास्टर सिलिंडरचा पिस्टन 12.7 मिलिमीटर व्यासाचा आहे आणि चाकाजवळच्या कॅलिपरमधला पिस्टन 25.4 मिलिमीटरचा. व्यास दुप्पट म्हणजे क्षेत्रफळ चौपट; म्हणून वर दिलेला जोर खाली चौपट होऊन उतरतो. हा जोर पॅडला डिस्कवर दाबतो आणि गाडी थांबते. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात साधारण 16 ते 17 मीटर पुढे जाते. एवढ्या अंतरात रस्ता ओलांडणारे एखादे कुटुंब सहज सामावते. ब्रेकच्या कामात 'जरासा' उशीर म्हणजे काय, ते या आकड्यावरून कळते.

या साऱ्या रचनेत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे पिस्टनभोवतीचे रबरी कडे. त्याला पेठेत 'पिस्टन सील' म्हणतात. त्याचा छेद गोल नसून चौकोनी असतो, आणि त्याची कामे तीन आहेत. पहिले, ब्रेक ऑइल बाहेर येऊ न देणे. दुसरे काम पुष्कळांना ठाऊक नसते. लिव्हर दाबला की पिस्टन पुढे सरकतो आणि त्याला घट्ट धरून बसलेले सील किंचित वाकडे होते. लिव्हर सोडला की ते आपल्या मूळ आकारात येते आणि येताना पिस्टनला केसभर मागे ओढते. पॅड डिस्कपासून सुटतो तो या ओढीने. तेथे स्प्रिंग नसते. तिसरे, पॅड झिजत जातो तसा पिस्टन सीलमधून थोडा पुढे घसरतो आणि आपली नवी जागा धरतो. म्हणून ड्रमसारखे ब्रेक आवळत बसावे लागत नाही. काही ग्रॅम रबराचा लवचिकपणा हाच ब्रेकचा लागण्याचा आणि सुटण्याचा आधार आहे.

गेल्या वर्षी पर्युषणाच्या साधारण तीन आठवडे आधी, पावसाची झड चालू असताना, या दुकानात एक मुलगी आली. विशीतली, महाविद्यालयात शिकणारी. तिने प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक काळपट कॅलिपर काढून काउंटरवर ठेवला. गाडी सीबीझेड, पहिल्या काही वर्षांतली. वडिलांची. वडील दोन वर्षांपूर्वी गेले. गाडी तेव्हापासून जिन्याखाली उभी होती.

'काका, पुढचं चाक जाम फिरतं. ब्रेक दाबला की लागतो, पण सुटतच नाही. गॅरेजवाले म्हणतात, दुसऱ्या गाडीचा कॅलिपर बसवून देतो. मला हाच दुरुस्त करायचा आहे. सगळं ओरिजिनल टाका. पैसे थोडे जास्त गेले तरी चालतील.'

दुकानाच्या मागच्या बाजूला एक वयस्कर मिस्त्री बसतात. त्यांनी कॅलिपर उघडला. पिस्टन बाहेर काढण्यासाठी हवेचा दाब देताना त्यांनी आधी समोर लाकडाची चकती ठेवली. कारण अशा वेळी पिस्टन गोळीसारखा सुटतो आणि बोट मध्ये असेल तर चिरडते. आतले दृश्य मिस्त्रींना नवे नव्हते. पिस्टनवरच्या क्रोमला खड्डे पडले होते. सीलच्या खाचेत पांढरी, खडूसारखी भुकटी साचली होती. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. ते वर्षानुवर्षे बदलले नाही की पाणी आत राहते, ॲल्युमिनियम गंजते, आणि त्याची ही पांढरी भुकटी खाचेच्या तळाशी जमते. मग सील वर उचलले जाते आणि पिस्टनला आवळून धरते. याखेरीज सील स्वतःही फुगलेले होते.

'कुणीतरी पेट्रोलनं धुतलंय शेठ,' मिस्त्री म्हणाले, 'नाहीतर साधं ग्रीस लावलंय. रबर फुगलंय बघा.'

ब्रेकच्या सीलसाठी जे रबर वापरतात, त्याला ईपीडीएम म्हणतात. ग्लायकोलपासून केलेल्या ब्रेक ऑइलमध्ये ते वर्षानुवर्षे निर्धास्त राहते. पण पेट्रोल, रॉकेल, इंजिन ऑइल किंवा साधे ग्रीस लागले की फुगते आणि ढिले पडते. म्हणून जाणता मिस्त्री हे भाग ताज्या ब्रेक ऑइलने किंवा ब्रेक क्लीनरने धुतो आणि सरकत्या पिनांना केवळ सिलिकॉन ग्रीस लावतो. इंजिन ज्या तेलावर जगते, त्याच तेलाने ब्रेकचे रबर मरते.

मिस्त्रींनी यादी सांगितली: पिस्टन, पिस्टन सील, डस्ट सील, सरकत्या पिनांची रबरी टोपणे, पॅड, होजच्या बोल्टखालचे तांब्याचे वॉशर आणि हवा काढण्याचा निपल. कॅलिपरचे बीड मात्र शाबूत होते. खाच साफ केली की ते पुन्हा उभे राहील. आता प्रश्न उरला तो योग्य भाग मिळण्याचा.

अधिकृत विक्रेत्याकडे चौकशी झाली. इतक्या जुन्या गाडीचा तो संच आता येत नाही, असे उत्तर आले. शेठजींचा मुलगा एम.बी.ए. होऊन दोन वर्षांपासून दुकानात बसतो. संगणकावर मालाची यादी त्यानेच चढविली आहे. त्याने पडद्यावर पाहिले आणि त्याचा चेहरा खुलला.

'पप्पा, आपल्याकडे आहे! माळ्यावर नऊ बॉक्स. 2004 ची खरेदी. कंपनीचा संच, सील न उघडलेला. आणि तो नको असेल तर काउंटरखालचा आहेच.'

पेढीवर या दोन शक्यता उभ्या राहिल्या, आणि खरी परीक्षा तेथून सुरू झाली.

काउंटरखालचा संच म्हणजे दीड वर्षापूर्वी एका फिरत्या एजंटाकडून घेतलेला माल. खोके हुबेहूब कंपनीसारखे, रंग तोच, अक्षरे तीच. 60 संच, प्रत्येकी 130 रुपयांनी. खोक्यावर छापील किंमत 340. दुकानात तो 260 ला जात असे आणि गिऱ्हाइकाला आपण स्वस्तात ओरिजिनल घेतल्याचे समाधान मिळत असे. 23 संच विकले गेले होते. खरेदीच्या वेळी मुलाने विचारले होते, 'पप्पा, घेऊ का?' आणि शेठजी वहीतून मान वर न करता म्हणाले होते, 'सगळे विकतात. घे.'

माळ्यावरचा संच याच्या नेमका उलट. तो निःसंशय अस्सल होता. पावती होती, क्रमांक जुळत होता. होंडा कुळातील भागांचे क्रमांक तीन गटांत लिहिले जातात. पहिले पाच आकडे भाग कोणता ते सांगतात, मधली तीन अक्षरे तो भाग मुळात कोणत्या मॉडेलसाठी घडविला ते सांगतात, आणि शेवटचे आकडे त्यातील बदल दाखवितात. मधला गट ओळखता आला की दुसऱ्या कोणत्या गाडीत तोच भाग बसविला आहे, त्याचा माग काढता येतो. यामाहाची पद्धत वेगळी. तेथे मॉडेलची खूण आधी येते. हे क्रमांक वाचता येणारा दुकानदार गाडीचे नाव ऐकून माल देणाऱ्यापेक्षा क्वचितच चुकतो.

मुलाचा युक्तिवाद बिनतोड वाटण्यासारखा होता. गिऱ्हाईक ओरिजिनल मागते आहे. आपल्याकडे ओरिजिनल आहे. पडून राहिलेला माल जाईल, तिलाही हवे ते मिळेल. यात खोटे कोठे आहे?

शेठजींनी माळ्यावरचे एक खोके उघडले. सील बोटांत घेऊन हलकेच ताणले. ताणल्या जागी बारीक भेगांची जाळी उमटली.

'कंपनीचं आहे,' ते म्हणाले, 'पण हे आता रबर नाही. पत्र्याखालच्या माळ्यावर दोन तपं उन्हाळे खाल्लेत यानं.'

थंड, अंधाऱ्या आणि हवाबंद जागी रबर पुष्कळ वर्षे टिकते. उष्णता, ऊन आणि हवेतील ओझोन त्याला लवकर म्हातारे करतात. कडक झालेले सील पिस्टनला मागे ओढीत नाही आणि थंडीच्या सकाळी ऑइलही अडवीत नाही. खोक्यावरचे नाव खरे, क्रमांक खरा, पावती खरी. वस्तू मात्र आपल्या धर्मापासून ढळलेली. वस्तूचा स्वभाव हाच तिचा धर्म, असे आपण व्याख्यानात अनेकदा ऐकतो. सीलचा स्वभाव लवचिकपणा. तो गेल्यावर उरते ते केवळ नाव.

आणि काउंटरखालचा संच? मिस्त्रींनी एक साधा उपाय सुचविला. काचेच्या दोन बरण्या घेतल्या, दोहोंत ताजे ब्रेक ऑइल ओतले. एकीत माळ्यावरचे सील, दुसरीत काउंटरखालचे. आधी व्हर्नियरने दोहोंची मापे घेऊन कागदावर लिहिली आणि बरण्या झाकून देवाच्या फोटोखालच्या फळीवर ठेवल्या. आठ दिवस त्यांना कोणी हात लावायचा नाही.

मुलीला सांगण्यात आले, 'बेटा, थोडे दिवस थांब. आमच्याकडे आहे ते देण्यासारखं नाही. आम्ही शोधतो.'

'पण काका, दुकानात आहे म्हणालात ना?'

'आहे. पण तुझ्या गाडीला नाही.'

त्या आठ दिवसांत शोध चालू राहिला. आता तो नावावरून नव्हे, मापावरून होता. पिस्टनचा व्यास, उंची, आतल्या पोकळीची खोली, डस्ट सील बसण्याची खाच. कॅलिपरमधील सीलच्या खाचेची रुंदी आणि खोली. व्यास जुळला आणि उंची दोन मिलिमीटर कमी पडली, तर पॅड झिजत येताच पिस्टन सीलच्या बाहेर येऊ शकतो. व्यास जुळला आणि सीलचा छेद जाड निघाला, तर पिस्टन आवळला जातो. 'बसतो' आणि 'जुळतो' यांत हे अंतर आहे. पेठेतील चार दुकाने झाली, मुंबईला फोन झाले, दिल्लीच्या करोल बागेत विचारणा झाली. एकाने खराद्याकडून पिस्टन कातून देण्याची तयारी दाखविली. पण साध्या लोखंडाचा, क्रोम न चढविलेला पिस्टन एका पावसाळ्यात गंजेल, म्हणून तो नाकारला. अखेर ब्रेकचे भाग स्वतःच्या नावाने बनविणाऱ्या एका कारखान्याच्या वितरकाकडे दुसऱ्या, अजून रस्त्यावर असलेल्या मॉडेलचा संच निघाला. मापे दिली, त्याने मापे घेतली, दोन्हीकडची तंतोतंत जुळली. खोक्यावर कारखान्याचे नाव, बनविल्याचा महिना आणि वर्ष. कोणाचीही नक्कल नाही.

आठ दिवसांनी बरण्या उघडल्या. माळ्यावरचे सील मापात जसेच्या तसे होते; फक्त ताणताच तुटले. काउंटरखालचे सील सव्वा मिलिमीटरने वाढले होते आणि बोटांत मऊ, चिकट लागत होते. ते ब्रेकचे रबर नव्हतेच. ग्लायकोलच्या ऑइलमध्ये नायट्राइलसारखी दुसरी रबरे फुगतात. जे कडे फळीवरच्या थंड बरणीत आठ दिवसांत एवढे वाढले, ते तापलेल्या कॅलिपरमध्ये दिवे घाटाच्या उतारावर काय करील, हे कोणी बोलून दाखविले नाही. मुलगा बराच वेळ व्हर्नियर हातात धरून उभा राहिला.

मग तो हळूच म्हणाला, 'पप्पा, तेवीस गेलेत.'

आपल्या शास्त्रांनी व्यापाऱ्याला नुसते 'चोरी करू नको' असे सांगून सोडून दिलेले नाही. अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार त्यांनी वेगळे करून दाखविले. चोराला प्रोत्साहन देणे, चोरीचा माल घेणे, राज्याचे नियम ओलांडणे, खोटी वजने-मापे ठेवणे, आणि पाचवा प्रतिरूपकव्यवहार, म्हणजे अस्सलच्या रूपात नकली वस्तूचा व्यापार. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात हा अतिचार आहे. वंदित्तु सूत्रातही त्याचा उल्लेख येतो, आणि प्रतिक्रमण करणारे श्रावक तो म्हणतात. खोटे सोने आणि भेसळीचे तूप हे त्याचे जुने दाखले. ब्रेकच्या सीलचा दाखला त्या काळी कोणाला सुचणे शक्य नव्हते. पण शब्द इतका नेमका आहे की तो नाना पेठेतल्या काउंटरखालीही तसाच लागू पडतो. देशाचा कायदाही हेच सांगतो. 1999 च्या ट्रेड मार्क्स कायद्यानुसार खोटे व्यापारचिन्ह लावणाऱ्याला आणि असा माल विकणाऱ्यालाही सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. मुलीसाठी अखेर जो संच आला, तोही कंपनीचा नव्हता. तरी तो प्रतिरूपक नव्हे, कारण त्याने दुसऱ्याचे रूप घेतले नव्हते. उलट माळ्यावरचा संच सर्व अर्थांनी अस्सल असूनही देण्यास अयोग्य होता. 'अस्सल चांगले आणि इतर वाईट' हा एकच नय धरला असता, तर तिला म्हातारे रबर मिळाले असते. 'बसते ना, मग चालेल' हा दुसरा नय धरला असता, तर फुगणारे मिळाले असते. निर्माता कोण, माप काय, द्रव्य कोणते, वय किती आणि नाव खरे की खोटे, या सर्व बाजूंनी पाहिल्यावरच 'योग्य भाग' हा शब्द उच्चारता येतो. अनेकान्त हा केवळ पंडितांच्या वादाचा विषय नाही; दुकानाच्या काउंटरवर त्याला व्हर्नियर आणि काचेची बरणी लागते.

हिंसेचाही असाच विचार आहे. हातात शस्त्र घेतले तरच हिंसा होते असे आपल्याकडे मानलेले नाही. प्रमादातून होणारा प्राणघात ही हिंसाच. मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून जो खाली पाहून चालतो, त्याने वहीतून मान वर न करता 'घे' म्हटले, तर त्या एका शब्दात किती प्रमाद सामावला, याचे गणित अवघड आहे.

कॅलिपर मात्र सुखरूप उभा राहिला. मिस्त्रींनी खाचेतली भुकटी लाकडी काडीने आणि मऊ ब्रशने काढली; पोलादी टोच वापरली नाही, कारण खाचेला ओरखडा पडला की गळती तेथून सुरू होते. नवी सीले ताज्या ब्रेक ऑइलात भिजवून बसविली. पिस्टन बोटांच्या दाबाने, तिरका न होता आत गेला. वॉशर नवे घातले. तांब्याचे वॉशर आवळताना दबून जागा धरतात, म्हणून ते प्रत्येक वेळी नवे घालावेत. मास्टर सिलिंडरच्या झाकणावर लिहिलेल्या प्रतीचेच ऑइल भरले. डॉट 4 प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शोषलेल्या ऑइलचा मोजला तर किमान 155 ठरविलेला आहे. ऑइल उकळले की वाफ होते, वाफ दबते, आणि लिव्हर हँडलला टेकला तरी चाक थांबत नाही. म्हणून ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलावे, असे जाणकार सांगतात. हवा काढून झाल्यावर लिव्हर रात्रभर दोरीने आवळून ठेवला. सकाळी खाली कागदावर एकही थेंब नव्हता. लिव्हर सोडला, आणि चाक बोटाच्या धक्क्याने फिरू लागले.

बिल 2,110 रुपयांचे झाले: मालाचे 1,610 आणि मजुरीचे 500. बिलावर शेठजींनी स्वतः लिहिले, 'संच पर्यायी, मूळ कंपनीचा नव्हे. माप तपासून बसविला.' खाली कारखान्याचे नाव आणि बनविल्याचे वर्षही लिहिले. मुलीने ते वाचले.

'म्हणजे ओरिजिनल नाही मिळालं शेवटी?'

'कॅलिपर तुझ्या पप्पांचाच आहे, बेटा. आतलं रबर नवं आहे. रबर नवंच असावं लागतं.'

ती थोडे थांबून हसली आणि गाडी घेऊन गेली.

राहिला तेवीस संचांचा प्रश्न. त्यांपैकी एकोणीस रोखीने, बिलाविना गेले होते. त्यांचा माग नव्हता. चार संच ओळखीच्या गॅरेजवाल्यांच्या उधारीच्या खात्यांत सापडले. मुलाने चौघांना फोन केले. दोघांना गाड्या आठवल्या. त्यांचे संच पेढीने बदलून दिले, मजुरीसह. एक म्हणाला, 'शेठ, गाडी केव्हाच विकली गेली.' चौथ्याला काहीच आठवत नव्हते. बाकीच्यांसाठी दुकानाच्या दारावर मोठ्या अक्षरांत सूचना लावली: या काळात येथून ब्रेकचा अमुक संच घेतला असल्यास गाडी घेऊन यावे, संच विनामूल्य बदलून मिळेल. शेजारच्या दुकानदाराने समजावले, 'अहो, स्वतःच्या हाताने नाव कशाला घालवता?' सूचना दोन महिने राहिली. पाच जण आले. म्हणजे एकूण सात संच परत मिळाले. सोळा अजून कोठेतरी फिरत आहेत किंवा थांबले आहेत. संवत्सरीला शेठजींनी नेहमीप्रमाणे सर्वांना 'मिच्छामि दुक्कडं' म्हटले. पण त्या दिवशी हे शब्द उच्चारताना त्यांच्या डोळ्यांसमोर ज्यांचे चेहरे ठाऊक नाहीत अशी माणसे होती, असे त्यांनी घरी सांगितले.

एजंटाने माल परत घेण्यास नकार दिला. उरलेले 37 संच दुकानातल्या सर्वांनी बसून कात्रीने कापले. नुसते कचऱ्यात टाकले असते, तर तेथून उचलून कोणीतरी पुन्हा खोक्यात भरले असते.

त्यानंतर मुलाने माळा उतरविला. फक्त सीबीझेडचे नऊ खोके नव्हेत, तर सारी रबरी वस्तू एकेक ताणून पाहिली. जी तडकली, ती बाजूला. एजंटाच्या संचांचे 4,810, त्या नऊ खोक्यांचे 1,890 आणि इतर जुन्या रबराचे 39,500, मिळून 46,200 रुपयांचा माल निकामी ठरला. हा सारा माल दरमहा बँकेला दिल्या जाणाऱ्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये खरेदीच्या भावाने दाखविला जात होता. कॅश क्रेडिटवरील 25 टक्के मार्जिन धरले, तर तेवढ्यावर 34,650 रुपयांची उचल करता येत होती. म्हणजे बँक एवढ्या रकमेपुरती जी वस्तू तारण म्हणून धरून बसली होती, ती मुळात नव्हतीच. मुलगा क्षणभर घुटमळला.

'पप्पा, लिमिट कमी होईल. दिवाळीच्या खरेदीच्या तोंडावर.'

'होऊ दे. जे नाही ते लिहायचं कशाला?'

अपरिग्रहाचा अर्थ आपण बहुधा 'कमी बाळगणे' असा करतो. व्यापाऱ्यासाठी त्याला आणखी एक बाजू आहे: ज्याचे सत्त्व गेले आहे ते 'आपल्याकडे आहे' म्हणून कुरवाळीत न बसणे. माळ्यावरची खोकी वीस वर्षे कोणाच्याच उपयोगी पडली नाहीत. ती फक्त आकड्यांत जिवंत होती, आणि त्या आकड्यांनीच एका मुलीच्या ब्रेकमध्ये जाण्याची वेळ आणली होती.

आता त्या पेढीच्या संगणकातील यादीत एक नवा रकाना आहे. भागाचे नाव, क्रमांक, खरेदीचा भाव, विक्रीचा भाव यांच्या शेजारी 'बनविल्याचा महिना व वर्ष'. रबराच्या मालाला तो भरल्याशिवाय नोंद पुढे सरकत नाही. खोक्यावर तारीख नसेल, तर तो माल घेतला जात नाही. दोन एजंटांनी या अटीमुळे दुकानात येणे सोडले आहे. ब्रेक ऑइलची एक बरणी मात्र फळीवर कायम असते, आणि नवा माल आला की त्यातील एक सील तिच्यात आठ दिवस बुडून राहते.